उसना कोट

दिवाळीत घरी आलेली भेटवस्तू आमच्याकडे बहुधा फराळाच्या डब्यांबरोबरच विस्मरणात जाते. गेल्या वर्षीची मात्र तशी गेली नाही. आमची भाची अमेरिकेहून वडोदऱ्यास आली, ती मामीसाठी बदामांचा डबा आणि आमच्यासाठी पुठ्ठ्याच्या लांब नळीत गुंडाळलेले एक चित्र घेऊन. “मामा, शाळेत लावा, मुलांना दाखवा,” एवढेच ती म्हणाली. आम्ही ते जेवणाच्या टेबलावर उलगडले, चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या आणि चष्मा पुसून पाहू लागलो.

चित्र होते अमेरिकेचे ४४ वे राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांचे. केहिंदे वायली या चित्रकाराच्या मूळ तैलचित्राची छापील प्रत. मूळ चित्र सुमारे ७ फूट उंचीचे असून वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय व्यक्तिचित्र संग्रहालयात आहे. १२ फेब्रुवारी २०१८ रोजी त्याचे अनावरण झाले. राष्ट्राध्यक्ष एका लाकडी खुर्चीवर पुढे झुकून बसले आहेत, कोपरे गुडघ्यांवर टेकलेली, हातांची घडी, गळ्यात टाय नाही. मागे ना ग्रंथांचे कपाट, ना ध्वज. आहे ती केवळ पानांची दाट हिरवी भिंत, आणि तीत अधूनमधून फुललेली फुले. पाने तर खुर्चीच्या पायांवर आणि त्यांच्या बुटांवरही चढू पाहतात.

“एवढे मोठे गृहस्थ कुंपणात का बसलेत हो?” आमच्या सौभाग्यवतींनी विचारले. खरे सांगायचे तर आम्हांलाही हसूच आले होते. आम्ही वडोदऱ्यात वाढलेले. राजवाड्याच्या आवारातील संग्रहालयात राजा रविवर्म्याच्या कुंचल्यातून उतरलेली गायकवाड घराण्याची चित्रे आम्ही शाळेच्या सहलीत पाहिलेली. थोर पुरुषाचे चित्र म्हणजे रत्नजडित शिरपेच, मागे मखमली पडदा, ही आमची पक्की समजूत.

भाचीने मग एकेका फुलावर बोट ठेवले. ही शेवंती, शिकागो शहराचे अधिकृत फूल. तेथेच ओबामांची सार्वजनिक कारकीर्द सुरू झाली. ही आपल्या जाई-मोगऱ्याच्या कुळातली पांढरी फुले हवाईची. तेथे त्यांचा जन्म झाला. आणि ही निळी आफ्रिकी लिली केनियाची, त्यांच्या वडिलांच्या देशाची. आम्ही गप्प झालो. तीस वर्षे वर्गात कवितेतील प्रतीके समजावून सांगणाऱ्या मराठीच्या शिक्षकाला एका मनुष्याचे अवघे चरित्र तीन फुलांत मांडलेले दिसू नये, याची थोडी लाजही वाटली.

त्या दिवसापासून आम्ही या चित्रकाराविषयी मिळेल ते वाचू लागलो. वायली यांचा जन्म १९७७ सालचा, लॉस एंजलिसचा. युरोपातील जुन्या दरबारी चित्रकलेचे त्यांना लहानपणापासून वेड. त्या कलेत प्रत्येक वस्तूला अर्थ असे. याच वॉशिंग्टनच्या संग्रहालयात गिल्बर्ट स्टुअर्टने १७९६ साली काढलेले जॉर्ज वॉशिंग्टन यांचे पूर्णाकृती चित्र आहे. त्यात तलवार आहे, लेखणी आहे, ग्रंथ आहेत, रुंद स्तंभ आहेत आणि कोपऱ्यात वादळानंतरचे इंद्रधनुष्यही आहे. ही सारी भाषा वायलींनी आत्मसात केली आणि मग तिच्यात, ज्यांचे नाव त्या भाषेने कधी उच्चारले नव्हते, त्यांचे नाव लिहिले. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातील रस्त्यांवर ते अनोळखी कृष्णवर्णी तरुणांना थांबवीत, आपल्या चित्रशाळेत बोलावीत, जुन्या चित्रांचे ग्रंथ त्यांच्यापुढे ठेवीत आणि विचारीत, यांतील कोणासारखे उभे राहावेसे वाटते? तरुण आपल्या रोजच्याच कपड्यांत कोणा सरदाराचा, कोणा संताचा पवित्रा घेई, आणि वायली तो रंगवीत.

हे त्यांना कशावरून सुचले, ते वाचून आम्ही बराच वेळ पुस्तक मिटून बसलो होतो. हार्लेमच्या एका रस्त्यावर त्यांना एक चुरगळलेला कागद सापडला होता. त्यावर पोलिसांनी काढलेले एका कृष्णवर्णी तरुणाचे छायाचित्र होते. तेही व्यक्तिचित्रच; पण ज्याचे काढले, त्याला कसे दिसायचे आहे हे कोणी विचारले नव्हते.

याच चित्रमालिकेतील त्यांचे एक प्रसिद्ध चित्र २००५ सालचे. झाक लुई दाविद या फ्रेंच चित्रकाराने १८०१ साली आल्प्स पर्वत ओलांडणारा नेपोलियन रंगविला होता. उधळलेला घोडा, वाऱ्यावर फडफडणारा झगा, पुढे उंचावलेला हात. इतिहासाच्या पुस्तकांतून आपण सर्वांनी तो पाहिला आहे. वायलींनी घोडा तोच ठेवला, झगा ठेवला, हातही तसाच उंचावला. पण स्वार मात्र आजचा कृष्णवर्णी तरुण. अंगात सैनिकी छापाचे कपडे, डोक्याला बांधलेला रुमाल, पायांत चामड्याचे दणकट बूट. खाली खडकावर दाविदने बोनापार्ट, हॅनिबल आणि शार्लमेन यांची नावे कोरलेली दाखविली होती. वायलींनी त्यांत आणखी एक नाव घातले, विल्यम्स. ओबामांनी म्हणे अनावरणाच्या समारंभात हसत सांगितले होते की, आपल्याला घोड्यावर बसवून नेपोलियन करू नका, अशी विनंती त्यांना या चित्रकाराला करावी लागली.

आता कोणी म्हणेल, हे सोंग नव्हे काय? रस्त्यावरच्या मुलाला सम्राटाच्या घोड्यावर चढविणे खोटे नव्हे काय? आम्हीही हेच म्हणालो असतो. पण दाविदच्या चित्राची हकीकत वाचली आणि बोलणे खुंटले. १८०० साली नेपोलियनने ती खिंड ओलांडली ती खेचरावरून, सैन्य पुढे गेल्यानंतर. चित्रासाठी चित्रकारासमोर बसण्यास त्याने नकार दिला. तेव्हा दाविदने त्याचा गणवेश मागवून घेतला, तो आपल्या मुलाला चढविला आणि मुलाला एका शिडीवर बसवून चित्र पुरे केले. ज्याला आपण अस्सल समजतो, तेथेच घोडा खोटा आणि कोटातला देह दुसऱ्याचा! आणि तरीही त्या चित्राला कोणी सोंग म्हटले नाही. सम्राटाने केले की ते वैभव आणि गरिबाने केले की सोंग, असा हा न्याय.

वाचकहो, हे वाचताना आम्हांला आमच्या घरातील एक छायाचित्र आठवले, आणि त्यासाठीच हा सारा प्रपंच.

आमचे वडील, त्यांना आम्ही नाना म्हणत असू, एका कचेरीत पट्टेवाले होते. त्यांचे एकच एकट्याचे छायाचित्र होते, १९६६ साली रावपुऱ्यातील एका स्टुडिओत काढलेले. मागे रंगविलेला पडदा, त्यावर संगमरवरी जिना आणि स्तंभ. नाना ताठ उभे. अंगात कोट, हातात जाडजूड इंग्रजी पुस्तक. कोट स्टुडिओच्या खुंटीवरचा. बाह्या इतक्या लांब की बोटांची टोके तेवढी दिसत. नानांना इंग्रजी येत नव्हते. पुस्तकही स्टुडिओचेच. हे छायाचित्र आमच्या बाहेरच्या खोलीत असे.

१९९६ साली आम्ही नवे घर घेतले. आम्ही तेव्हा एम. ए. होऊन सरकारी शाळेत लागलो होतो, घरी चार प्राध्यापक मंडळी येत असत. सामान लावताना नानांनी ते छायाचित्र खिळ्यावर अडकविले. आम्ही म्हणालो, “नाना, कोट आपला नाही, पुस्तक आपले नाही. लोकांना दिसेल असे कशाला लावायचे?” नाना काही बोलले नाहीत. त्यांनी ते स्वतःच खाली काढले, धोतराच्या सोग्याने काच पुसली आणि आतल्या ट्रंकेमागे ठेवून दिले. २००९ साली ते गेले. भिंतीवर लावण्यासाठी आम्ही त्यांच्या ओळखपत्रावरील फोटो मोठा करून घेतला.

भाचीने आणलेले चित्र टेबलावर पसरलेले होते, त्या संध्याकाळी आई शेजारी बसून सारे ऐकत होती. रात्री तिने आम्हांला जवळ बोलावले. “अरे, तुझ्या नानांनी तो फोटो का काढला होता, ठाऊक आहे का तुला?” आम्हांला ठाऊक नव्हते. आम्ही कधी विचारलेच नव्हते. मग तिने सांगितले. कचेरीतील एक वरिष्ठ अधिकारी बदलून गेले, तेव्हा सर्वांचा एकत्र फोटो निघाला. पट्टेवाल्यांना कडेला उभे केले होते. छापून आला, तेव्हा नानांचा अर्धा चेहरा कापला गेला होता. “ते मला म्हणायचे, माणूस म्हणून आपला एक तरी पुरा फोटो असावा. पुढच्या पगाराला ते रावपुऱ्यात गेले. तो कोट त्यांनी स्वतः निवडला होता.”

आई एवढे बोलून झोपी गेली. आम्हांला मात्र झोप आली नाही. हार्लेमच्या त्या मुलांसारखाच आमच्या नानांनाही एकदाच कोणीतरी प्रश्न विचारला होता, कसे उभे राहायचे आहे? आणि त्यांनी ताठ उभे राहून उत्तर दिले होते. त्यांच्या पोटच्या मुलाने, शिकूनसवरून, ते उत्तर पुसून टाकले. भिंतीवर लावले ते ओळखपत्रावरचे तोंड, जेथे त्यांना कोणी काहीच विचारले नव्हते.

सकाळी आम्ही ट्रंक ओढली. मागे छायाचित्र होते. काचेला तडा गेला होता, कडेला वाळवीही लागली होती. खिडकीपाशी नेऊन पाहिले, तो प्रथमच नजर खाली गेली. कोट होता, पुस्तक होते, संगमरवरी जिना होता; पण पायांत नानांच्या स्वतःच्या वहाणा होत्या, टाचेला झिजलेल्या, एका अंगठ्याला शिवण घातलेल्या. स्टुडिओत बहुधा बूट नसावेत. या कचेरीतून त्या कचेरीत टपाल पोचवीत नाना ज्या वहाणांनी उभे वडोदरे तुडवीत, त्या या. ओबामांच्या मागे जशी तीन देशींची फुले, तशा या नानांच्या चित्रातील वहाणा. आणि त्या तेवढ्या उसन्या नव्हत्या.

आम्ही छायाचित्र घेऊन चौकटवाल्याकडे गेलो. त्याने ते निरखून पाहिले, खालच्या भागावर फुटपट्टी ठेवली आणि म्हणाला, “साहेब, खालचे एवढे कापून टाकू का? वहाणा बऱ्या दिसत नाहीत. नुसता कोटापर्यंतचा भाग घेतला तर फोटो अगदी शोभून दिसेल.”

“नको,” आम्ही म्हणालो, “पुरा राहू द्या.”