पहिला कट सरळ पडू दे

कोल्हापूर,
रविवार रात्र

प्रिय बाळ,


तुझं पत्र आणि सोबतची तिन्ही कोटेशनं मिळाली. शिरोलीच्या शेडमध्ये लेथ बसला, ड्रिल बसलं. आता दसऱ्याच्या आत बॅन्डसॉ आणायचा आणि खंडेनवमीला सगळ्या मशिनांची एकदम पूजा करायची, हा तुझा बेत वाचून फार बरं वाटलं. फोनवर बोलता आलं असतं, पण हे मशीन पुढची पंधरावीस वर्षं रोज तुझ्या हाताखाली राहणार आहे. म्हणून नीट बसून लिहितोय.

तिन्ही कागदांवर तू एकाच आकड्याला लाल खूण केली आहेस: जास्तीत जास्त किती व्यासाचा बार कापतं. उद्यमनगरात पहिलं मशीन घेताना मीही तोच आकडा बघितला होता. मशीन मोठं आणि किंमत कमी म्हणून मी खूश होतो. पण ब्लेड धरणारा आर्म हलका होता आणि ब्लेडचा ताण टिकत नव्हता. ६५ मिलिमीटरच्या बारात कट वरून खाली जाईपर्यंत तीन मिलिमीटर सरकायचा. ईएन-८ पोलादाचे चाळीस पीस मी फेसिंगला दोन मिलिमीटर ठेवून कापले. लेथवर लांबी मापात आली, पण प्रत्येक पीसच्या एका कडेला आरीचा वळ तसाच राहिला. चाळीसही पीस भंगारात गेले. त्या रात्री गुण्या लावून एकेक पीस बघत बसलो होतो, ते अजून आठवतं.

तेव्हापासून माझं एकच म्हणणं आहे. लोखंडाला शेडमध्ये पहिला हात लागतो तो आरीचा. तिथे झालेली चूक पुढे लेथ भरतो, टूल भरतं, माणूस भरतो. म्हणून मशीन किती मोठं कापतं हे नंतर बघ. तू रोज जे कापणार ते सरळ कापतं का, हे आधी बघ.

त्यासाठी गेल्या तीन महिन्यांची चलनं काढ आणि व्यास लिहून काढ. माझ्या अंदाजाने तुझं बहुतेक काम ४० ते ८० मिलिमीटरमध्ये बसेल. बार ईएन-८ आणि ईएन-१९चे, अधूनमधून स्टेनलेस, कधी पाइप. एवढ्याला २०० मिलिमीटर क्षमतेचं, २७ बाय ०.९ मिलिमीटरचं ब्लेड चालवणारं मशीन पुरे. वर्षातून दोनदा येणारा ३०० मिलिमीटरचा बार बाहेरून कापून आण. त्या दोन बारांसाठी जागा, वीज आणि हप्ता वर्षभर अडकवू नकोस.

हिंज टाइप घ्यावं की डबल कॉलम, असं तू विचारलं आहेस. हिंज टाइपचा आर्म अडकित्त्यासारखा एका टोकावर फिरून खाली येतो. डबल कॉलममध्ये तो दोन खांबांवरून सरळ उतरतो. बारांचा गठ्ठा बांधून कापायचा असेल, रुंद माल असेल, तर डबल कॉलमला तोड नाही. तुझ्यासारख्या एकेका बारच्या कामाला जाडजूड हिंज टाइप चालेल. मात्र पैसे कुठे घातलेत ते हात लावून बघ. ब्लेडला दोन्ही बाजूंनी धरणारी कार्बाइडची गाइडं हवीत, आणि त्यांचे आर्म जॉबच्या अगदी जवळ सरकवता आले पाहिजेत. गाइडं लांब राहिली की मधलं ब्लेड वाकतं. आर्म खाली सोडणारा हायड्रॉलिक सिलिंडर झटके न देता उतरतो का, व्हाइस आवळल्यावर बार हलतो का, तेही बघ.

एकाच वेगाचं मशीन घेऊ नकोस. बायमेटल ब्लेडने साधं माइल्ड स्टील मिनिटाला ६०-७० मीटर वेगाने सुखाने कापता येतं. ३०४ स्टेनलेसला त्याच्या निम्म्यावर यावं लागतं, डायस्टीलला आणखी खाली. वेग बदलता येत नसेल तर स्टेनलेसच्या एका ऑर्डरीत ब्लेडचे दात बसतील.

दातांचा नियम सोपा आहे: कापताना निदान तीन दात मालात असले पाहिजेत. तुझ्या भरीव बारला ४/६चं, म्हणजे इंचाला चार ते सहा दातांचं ब्लेड बरोबर. तेच ब्लेड तीन मिलिमीटर भिंतीच्या पाइपवर घातलंस तर दात अडकून तुटतील. तिथे १०/१४ लाव. ब्लेड बदलायला दहा मिनिटं जातात. कंटाळा करू नकोस.

चकतीने कापणारं कटऑफ मशीन स्वस्त पडेल असं तुझा मित्र म्हणतो. त्याचा हिशोब करू. चकती साधारण तीन मिलिमीटर माल खाते, बॅन्डसॉचं हे ब्लेड दीड. ५० मिलिमीटरचा बार मीटरला १५.४ किलो भरतो. हजार कटांत दीड मीटर जास्तीचा बार, म्हणजे २३ किलो चांगलं लोखंड नुसतं धूळ होऊन जातं. शिवाय ईएन-१९सारखा माल चकतीच्या उष्णतेने टोकाला कडक होतो आणि लेथचं टूल पहिल्याच फेसिंगला मार खातं.

आणखी एक गोष्ट कोटेशनात कुणी लिहीत नाही. विल्यम न्यूबेरीने इंग्लंडमध्ये बॅन्डसॉचं पेटंट घेतलं ते १८०८ साली. कल्पना चांगली होती, पण ब्लेडच्या गोल पट्टीचा सांधा टिकत नसे. १८४६ साली फ्रान्समधल्या ॲन पॉलिन क्रेपँ या बाईंनी पट्टी जोडण्याची युक्ती काढली, तेव्हा कुठे आरी कामाला आली. आजही ब्लेडचा जीव त्या सांध्यातच आहे. आपल्याकडे दुकानदार कॉइलमधून पट्टी तोडून वेल्ड करून देतो. वेल्डनंतर सांधा नीट तापवून मऊ केला नाही, तर ब्लेड तिथेच तुटणार. म्हणून मशीन ठरवायच्या आधी वेल्ड करणारा चांगला माणूस गाठ, आणि ब्लेडची लांबी त्याच्याकडे सहज मिळणारी आहे ना, ते विचार.

नवं ब्लेड पहिले काही कट निम्म्या दाबाने चालव. धारदार दातांची टोकं एकदम झिजू नयेत म्हणून. पुढे चिप काय सांगते ते बघत जा. सैल, चकचकीत वेटोळी पडली तर सगळं बरोबर. पिठासारखा भुगा पडला तर दाब कमी आहे. निळी, जळकी चिप आली तर दाब किंवा वेग जास्त. कूलंट आणि चिप झाडणारा ब्रश, दोन्हींकडे रोज सकाळी बघ. आणि चालत्या ब्लेडजवळ हातमोजा घालून हात नेऊ नकोस, तुझ्या पोरांनाही नेऊ देऊ नकोस.

येत्या शनिवारी मी येतो. माझ्या रॅकमधला ६० मिलिमीटरचा ईएन-१९चा बार घेऊन येईन. तिन्ही ठिकाणी आपण आपल्याच बारच्या दहा मिलिमीटरच्या चकत्या कापून बघू, पहिली आणि दहावी. मायक्रोमीटरने चारही बाजूंना मापू, बारच्या कापल्या तोंडाला गुण्या लावू. तोंड गुण्यात बसलं आणि दहावी चकती पहिलीसारखी निघाली, त्या मशीनला ॲडव्हान्स दे. एकही पास झालं नाही तर खंडेनवमीला लेथ आणि ड्रिलचीच पूजा करू, हॅकसॉ तर आहेच. मुहूर्त पुढच्या वर्षीही येईल. वाकडा कट मात्र रोज येईल.

अक्काला नमस्कार सांग.

तुझा,
मामा