चिमणीखालचा अंधार

ऑफिसमध्ये डोक्यावरची ट्यूब फडफडायला लागली की आपण काय करतो? अ‍ॅडमिनला एक मेल टाकतो. लंचवरून परत येईपर्यंत शिडी, माणूस, नवी ट्यूब... सगळं हजर! पण घरी गॅसवरच्या चिमणीचा दिवा गेला तर? तर काहीच नाही. ‘चालतंय की!’

हे ‘चालतंय की’ म्हणजे माझ्या आईचं पेटंट. आई डोंबिवली पूर्वेला राहते आणि गेली बारा वर्षं पोळी-भाजीचे डबे करते. पहाटे साडेचारला तिची शिफ्ट सुरू होते. साडेसहाला डबे तयार हवेत, कारण गिऱ्हाईकं सगळी लोकल पकडणारी. गेल्या वर्षी तिच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याचं अजून व्हायचंय. आणि नेमके ऐन श्रावणात चिमणीचे दोन्ही दिवे बंद पडले.

‘किचनमध्ये ट्यूबलाइट असेल ना?’ असं तुम्ही म्हणाल. आहे ना, पण मागच्या भिंतीवर. ओट्याशी उभं राहिलं की आईची सावली थेट कढईत. मोहरी तडतडलेली ऐकू येते, पण लसूण लाल झाला की काळा, हे दिसत नाही. एकदा मनगटावर तेल उडालं. त्यावर बर्नॉल चोपडत आई म्हणाली, ‘अगं, अंदाज आहे मला.’

कंपनीचा माणूस येऊन बघून गेला. ‘अख्खं पॅनल बदलावं लागेल. साडेतीन हजार.’ आई म्हणाली, ‘राहू दे.’ साडेतीन हजार म्हणजे किती डबे, हा हिशेब तिने मनातल्या मनात करून टाकला होता.

मी ठाण्याला राहते. रविवारी मेगाब्लॉकमधून वाट काढत, ‘दिवा’ स्टेशन ओलांडत घर गाठलं आणि सोसायटीतल्या इलेक्ट्रिशियन काकांना बोलावलं. त्यांचा फंडा एकदम क्लिअर! मोटर फिरतेय, म्हणजे चिमणीला करंट येतोय. एकच दिवा गेला असता तर संशय दिव्यावर. दोन्ही एकदम गेले, तर दोघांमध्ये कॉमन काय आहे ते बघायचं. एक बटण, दुसरा ड्रायव्हर. ड्रायव्हर म्हणजे काडेपेटीएवढी डबी. घरातल्या 230 व्होल्टच्या एसी करंटमधून एलईडीला लागणारा कमी व्होल्टचा डीसी करंट ती तयार करते. तिचा मुक्काम उष्णता, वाफ आणि फोडणीच्या धुराच्या शेजारी. त्यामुळे बऱ्याचदा दिव्याआधी तीच मान टाकते.

काकांनी मेन स्विच बंद केला, चिमणीची पिन काढली, जाळ्या उतरवल्या. मी मोबाइलचा टॉर्च धरला. बटण ठीक होतं, डबी गेली होती. तिच्यावर छापलेले व्होल्ट आणि मिलिअँपिअरचे आकडे फोटोत टिपले आणि तेच आकडे असलेली नवी डबी स्टेशनजवळच्या दुकानातून आणली. डबी एकशे ऐंशी रुपये, काकांची मजुरी दोनशे. ‘वहिनी, दाबा बटण!’

लख्ख उजेड पडला. आईचं पहिलं वाक्य? ‘अगं बाई, टाइल्स किती तेलकट झाल्यात गं!’ आणि ती फडकं शोधायला लागली.

वस्तू फेकण्याऐवजी दुरुस्त करता यावी, म्हणून केंद्र सरकारने 24 डिसेंबर 2022 रोजी ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं. त्यात घरगुती उपकरणंही येतात. तक्रार करायची तर 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. पण तक्रार करायला आधी कुणीतरी ‘चालत नाही’ असं म्हणायला हवं. घरातली ही माणसं नेमकं तेच म्हणत नाहीत.

तेव्हा या वीकएंडला एक करा. आईला, बायकोला, डबेवाल्या काकूंना विचारू नका, कारण उत्तर पाठ आहे. रात्री स्वतः ओट्याशी जाऊन दोन मिनिटं उभे राहा आणि आपली सावली कुठे पडतेय ते बघा.