स्वल्पविरामाच्या आधी कोण?

इंग्रजी पुस्तकांच्या सूच्या तयार करणं हा माझा व्यवसाय. पुस्तक छापायला जाण्याआधीची शेवटची प्रुफं हातात येतात, पृष्ठांक पक्के झालेले असतात आणि प्रकाशकाला सूची कालच हवी असते. नावं वेचणं, पानं टिपणं ही निव्वळ बैठकीची मेहनत. माझा जीव अडकतो तो सूचीच्या माथ्यावरच्या दोन-तीन ओळींत. नावं कोणत्या क्रमाने लावली आहेत, हे त्या ओळींत वाचकाला सांगायचं असतं, तेही साध्या इंग्रजीत. ‘नावे अकारविल्हे आहेत’ एवढ्याने भागतं, असं बहुतेक लेखकांना वाटतं. पण ए ते झेड सगळ्यांनाच पाठ असतं. नावाचा कोणता तुकडा आधी धरायचा, हे कुणालाच पाठ नसतं.

गोव्याच्या इतिहासावरचं पुस्तक आलं की याची परीक्षाच होते. द कुन्हा, दे सूझा, देसाई, डिमेलो, डिसूझा ही पाच आडनावं रोमन लिपीत लिहून पाहा. मधली मोकळी जागा मोजायची ठरवली, तर ‘दे’ हा सुटा, छोटा शब्द पुढे जातो आणि दे सूझा देसाईंच्या वर बसतात. जागा न मोजता अक्षरं सलग धरली, की ‘ए’ ‘ओ’च्या आधी येत असल्याने देसाई वर आणि दे सूझा खाली. पोर्तुगीज रीत आणखी वेगळी. तिथे ‘द’ आणि ‘दे’ जमेस धरतच नाहीत, त्यामुळे दे सूझा एसमध्ये जातात आणि द कुन्हा सीमध्ये. संगणकावर भिस्त ठेवावी, तर ढोबळ संगणकी क्रमात मोठ्या लिपीतली सगळी अक्षरं छोट्या लिपीच्या आधी येतात. मग छोट्या ‘डी’ने लिहिलेले दे सूझा थेट झेडच्याही पलीकडे जाऊन पडतात. यातल्या पहिल्या तिन्ही पद्धती आपापल्या जागी बरोबर आहेत. चौथी मात्र कुणाचीच पद्धत नाही, तो नुसता यंत्राचा हिशेब.

अशा वेळी माथ्यावरच्या ओळींत ‘वर्ड बाय वर्ड’ किंवा ‘लेटर बाय लेटर’ असं लिहायची पद्धत आहे. ती मला पटत नाही. हे शब्द आम्हा सूचिकारांचे. वाचकाला त्यातून काहीच हाती लागत नाही. मी सरळ उदाहरण देते : दे सूझा हे नाव देसाईच्या आधी सापडेल, डिसूझामधली डी नंतरची अपॉस्ट्रॉफी मोजलेली नाही. वाचक दोन नावं पाहतो आणि नियम त्याचा त्यालाच कळतो.

ही युक्ती जुनीच आहे. १६०४ साली लंडनमध्ये रॉबर्ट कॉड्री नावाच्या शिक्षकाने अवघड इंग्रजी शब्दांचा छोटा कोश काढला. इंग्रजीतला पहिला एकभाषी कोश म्हणून तो ओळखला जातो. कोशात शब्द कसा शोधायचा, हे तेव्हाच्या वाचकाला सांगावं लागत होतं. कॉड्रीने व्याख्या केली नाही. शब्द एने सुरू होत असेल तर पुस्तकाच्या सुरुवातीला बघ, व्हीने होत असेल तर शेवटाकडे. पुढे दुसऱ्या अक्षराचंही तसंच, असं त्याने सांगितलं. वाचकाचं बोट धरून पान उलटायला लावणारं इतकं स्वच्छ इंग्रजी मला आजच्या शैलीपुस्तिकांत क्वचितच दिसतं.

माथ्यावरच्या ओळी संपल्या की पुढचं काम स्वल्पविराम करतो. टिळक, स्वल्पविराम, बाळ गंगाधर : नाव उलटं केलंय, हे त्या चिन्हाने सांगितलं. माओ झेडाँगमध्ये आडनाव मुळातच आधी येतं, म्हणून तिथे स्वल्पविराम नाही. आंग सान सू ची यांना आडनावच नाही, त्या जशाच्या तशा एमध्ये. गाब्रिएल गार्सिया मार्केस एममध्ये शोधणाऱ्याची फसगत होते. स्पॅनिश रिवाजाने ते गार्सियाखाली, जीमध्ये असतात. म्हणूनच माथ्यावरच्या ओळींत मी ‘लास्ट नेम’ हे शब्द कधीच वापरत नाही. जगातल्या कितीतरी लोकांचं आडनाव शेवटी येत नाही, आणि एम. एस. सुब्बुलक्ष्मींच्या नावात शेवटी येतं ते आडनाव नव्हे. एम म्हणजे मदुराई हे गाव, एस म्हणजे शण्मुखवडिवु ही आई. तरी नोंद सुब्बुलक्ष्मी अशीच, एसमध्ये.

मराठी माणसांच्या बाबतीत वाटतं तितकं सोपं नाही. आडनाव असलं तरी स्पेलिंगचा भरवसा नसतो. आनंदीबाई जोशींच्या आडनावाचं स्पेलिंग अमेरिकेतल्या त्यांच्या समाधीवर शेवटी दोन ई घालून कोरलेलं आहे. ते तसंच ठेवलं, तर सूचीतल्या झाडून सगळ्या जोशांच्या वर त्यांचा क्रमांक लागतो. ज्ञानेश्वर डीमध्ये, जेमध्ये की जीमध्ये? लेखकाने जे स्पेलिंग वापरलं असेल तिथे नोंद, उरलेल्या दोन्ही ठिकाणी ‘पाहा’. कुसुमाग्रज आणि शिरवाडकर यांचंही तसंच. ‘पाहा’ची नोंद म्हणजे जागेची उधळपट्टी, असं मानणारे संपादक भेटतात. मी त्यांच्याशी भांडते.

सगळ्यात नाजूक प्रकरण पदव्यांचं. लोकमान्य, महात्मा, डॉक्टर, पंडित हे क्रमात धरायचे नाहीत, हा सर्वमान्य नियम. त्यामुळे छत्रपती शिवाजी महाराज एसमध्ये जातात, आणि काही लेखकांना तो अवमान वाटतो. पदवी छापलेली राहतेच, फक्त मोजली जात नाही, हे माथ्यावरच्या ओळींत लिहिलं की बहुधा वाद मिटतो.

माणसाऐवजी वास्तू असेल, तर पदवी हा नावाचाच भाग होतो आणि नियम उलटतो. मुंबईच्या व्हिक्टोरिया टर्मिनसला १९९६ मध्ये छत्रपती शिवाजी टर्मिनस हे नाव मिळालं, म्हणून ते सीमध्ये. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयही सीमध्येच. संग्रहालयाच्या नावात ‘महाराज’ होतं, स्थानकाच्या नव्हतं, त्यामुळे संग्रहालय वर आणि स्थानक खाली असायचं. २०१७ मध्ये स्थानकाच्या नावातही ‘महाराज’ आलं. आता टर्मिनसचा टी वस्तूच्या व्हीआधी येतो, म्हणजे स्थानक वर. मुंबईवरच्या पुस्तकाची नवी आवृत्ती निघाली, की या दोन ओळींची अदलाबदल मी न चुकता करते. लेखकांच्या ती लक्षातही येत नाही.