मूसाखांडचं पाणी

ब्रह्माघाटावर वाढलेल्या मराठी माणसाने गंगा ओलांडून कर्मनाशेवर गळ टाकायला जावं, हे आमच्या घरच्या वडीलधाऱ्यांच्या जिवावर येई. जिच्या पाण्याला शिवलं तरी पुण्य सरतं म्हणतात, ती ही नदी. पण चंदौली जिल्हा (1997पर्यंत तो वाराणसीतच होता) धानाचं कोठार झाला, त्यात या बदनाम पाण्याचा वाटा मोठा आहे. वर नौगढचं धरण, त्याखाली मूसाखांड, मग चकियाजवळ लतीफशाह बाबांच्या दर्ग्यापाशी बंधारा. तिथून डावा आणि उजवा कालवा निघतो.

मूसाखांडला मासा धरायचा तर आधी भातशेती कळायला हवी, असं माझं ठाम मत आहे. इथलं पाणी शेतकऱ्याच्या निकडीवर चढतं-उतरतं. म्हणून परवानगी खिशात असली तरी मी आधी पतरौलाला गाठतो. आपल्याकडे पाटकरी, तसा इकडे पतरौल. “चाचा, नहर कब चली?” एवढं विचारलं की दिवसाचा अंदाज येतो. दार उघडून पातळी उतरायला लागली की मासे काठचं उथळ पाणी सोडतात आणि बुडालेल्या जुन्या नदीपात्रात उतरतात. अशा वेळी जिथे खडक सरळ खाली जातो, तिथेच बसावं. उलट, पाऊस होऊन पाणी काठच्या गवतावर चढलं की गवतातले किडे-गांडुळं खायला मासे गुडघाभर पाण्यात येतात.

मग बूच किती उंचीवर बांधायचं, हे माशाचं तोंड सांगतं. कटल्याचं, म्हणजे इथल्या भाकुराचं, तोंड वर वळलेलं. तो वरच्या थरात चरतो. नैन म्हणजे मृगळ; त्याचं तोंड खाली, तो तळ धुंडाळतो. रोहू अधेमध्ये. सातू आणि मोहरीची पेंड मळून केलेला गोळा रोहू एकदम गिळत नाही. झालरीसारख्या ओठांनी तो आधी चाचपतो. बूच नुसतं थरथरतं, थांबतं, पुन्हा थरथरतं. तेव्हा हात आवरावा लागतो. बूच तिरकं होऊन संथपणे एका बाजूला सरकायला लागलं, की मनगटानेच झटका द्यायचा. खांद्याने ओढलं की ओठ फाटतो.

हे तिन्ही मासे साचल्या पाण्यात वीत नाहीत. त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. म्हणून धरणांत मत्स्यबीज सोडतात. ते बीज हुकमी मिळू लागलं, ते हिरालाल चौधुरींनी 10 जुलै 1957 रोजी ओडिशातल्या अंगुल इथे माशाच्याच पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून कार्प वियायला लावले तेव्हापासून. तरी नौगढ आणि मूसाखांड यांच्यामध्ये थोडी नदी अजून नदीसारखी उरली आहे, आणि आर्द्राच्या पावसाने ती फुगली की जाणते मासे तिच्यात चढू पाहतात. त्यांची ती वाट मला शिकारीहून मोलाची वाटते. म्हणून विणीच्या दिवसांत गळ टाकायचाच नाही. त्याआधी, ज्येष्ठातसुद्धा पोट जड झालेली मादी लागली तर तिला काठावर आणू नये. हात ओले करून पाण्यातच गळ सोडवावा आणि कल्ले नीट हलेपर्यंत तिला सरळ धरून ठेवावं. त्यासाठी मी गळाचे उलटे काटे कानशीने घासून काढतो. काही मोठे रोहू त्यामुळे निसटतात, आणि शेजारचे गळकरी हळहळतात. मी मात्र ते काटे घासतोच.