आपल्या गावाचं पान

युरोपचं गाइडबुक निवडायचं असेल तर मी आधी त्याच प्रकाशकाचं भारताचं पुस्तक उघडते आणि त्यातलं मुंबईचं प्रकरण वाचते. रोमबद्दल लेखक खरं सांगतोय की थापा मारतोय हे मला कळणार नाही. मुंबईबद्दल दोन मिनिटांत कळतं. या पुस्तकांतली मुंबई कुलाब्याला सुरू होते, वांद्र्याला दमते आणि जुहूला संपते. सांताक्रूझ म्हणजे विमान उतरतं ती जागा. आमचं वाकोला तर नसतंच. त्याचं मला वाईट वाटत नाही. पाहुण्याला वाकोल्यात दाखवणार काय, पुलावरचा ट्रॅफिक? मी शोधते ते वेगळंच. सकाळच्या चर्चगेट लोकलमध्ये बॅग घेऊन चढू नका, असं त्याने लिहिलंय का? लिहिलं असेल तर हा माणूस फलाटावर उभा राहिलेला आहे. मग त्याच्या मिलानवर मी विश्वास ठेवते.

घरात आलेलं पहिलं गाइडबुक मात्र कुणी निवडलेलं नव्हतं. 1981 मध्ये सहारची इमारत सुरू होईपर्यंत परदेशी विमानंही सांताक्रूझच्याच जुन्या टर्मिनलवरून सुटायची, आणि आमच्या चाळीवरून इतक्या खालून जायची की रेडिओच्या बातम्यांतलं एखादं वाक्य हमखास बुडायचं. कलिन्याच्या एअर इंडिया कॉलनीतले एक काका वडिलांचे मित्र होते. कुणा प्रवाशाने टाकून दिलेलं आर्थर फ्रॉमरचं ‘युरोप ऑन फाइव्ह डॉलर्स अ डे’ त्यांनी आम्हाला आणून दिलं. फ्रॉमर अमेरिकन सैन्यात असताना जर्मनीत होता; सैनिकांसाठी एक छोटी पुस्तिका लिहून झाल्यावर 1957 मध्ये त्याने हे पुस्तक काढलं. वडिलांनी पहिल्याच संध्याकाळी हिशेब केला. 1966 च्या अवमूल्यनानंतर डॉलर साडेसात रुपये, म्हणजे दिवसाला साडेसदतीस. ‘एका दिवसाला?’ असं म्हणून त्यांनी पुस्तक मिटलं.

आई मात्र रंगली होती. खासगी बाथरूम असलेली खोली मागू नका, पैसे वाचतात, असा फ्रॉमरचा सल्ला मी तिला वाचून दाखवला. सकाळी सामाईक संडासापुढे बादली घेऊन रांगेत उभी राहणारी ती बाई खूश होऊन म्हणाली, ‘म्हणजे आपल्यासारखंच की!’

जाण्याचा प्रश्नच नव्हता. त्या काळी परदेशी जाणाऱ्या सामान्य माणसाला रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार हातात मिळायचे आठ डॉलर. फ्रॉमरच्या भावाने दीड दिवसाचा युरोप.

त्याहून जास्त दिवसांचा युरोप लायब्ररीच्या ‘अपूर्वाई’तून मिळाला. पु. ल. देशपांडे पार्ल्याचे, म्हणजे आमच्या पुढच्याच स्टेशनवरचे, आणि पुस्तक 1960 चं. त्यात गाडीचं भाडं नाही, हॉटेलचा पत्ता नाही. परक्या शहरात आपण कसे वेंधळे दिसतो आणि त्याची लाज का वाटू नये, एवढं मात्र पक्कं समजतं. (पुढे युरोपहून आलेला प्रत्येक मराठी माणूस विनोदी प्रवासवर्णन लिहायला बसला, हा दोष पुलंचा नाही.)

आई-वडील अखेर गेले ते मराठी टूर कंपनीबरोबर. कंपनीची चकचकीत पुस्तिका हेच त्यांचं गाइडबुक. तिच्यात ‘फोटोस्टॉप’ हा शब्द फार. फोटोस्टॉप म्हणजे बाहेरूनच दर्शन घेऊन बसमध्ये परत. मी तेव्हा नाक मुरडलं असेल, पण डोंगरात वरणभात वाढणाऱ्या माणसाचं मोल सत्तरीत वेगळं असतं.

माझ्या स्वतःच्या जाण्यापर्यंत निवड करावी इतकी पुस्तकं झाली होती. टोनी आणि मॉरीन व्हीलर या जोडप्याने 1973 मध्ये सुरू केलेल्या लोनली प्लॅनेटमध्ये सगळं असतं, आणि तीच त्याची अडचण. दहा दिवसांच्या रजेला सगळं नको असतं. गाइडबुकवाला रिक स्टीव्ह्ज सरळ सांगतो, हे बघा आणि ते सोडा. मला सोडायला सांगणारा माणूस हवा होता. पण तो असंही सुचवतो की पुस्तक फाडा आणि लागतील तेवढीच पानं न्या. चुकून पाय लागला तरी पुस्तकाला नमस्कार करणाऱ्या घरात हे कसं जमायचं? मी ते विद्यापीठाच्या बाजूच्या झेरॉक्सवाल्याकडे नेलं. ब्लेड त्याने चालवलं आणि इटली, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड अशा तीन स्पायरल वह्या करून दिल्या. पाप त्याच्या नावावर, वजन माझ्या खांद्यावरून कमी.

फ्लॉरेन्समध्ये सांता क्रोचे नावाचं चर्च आहे. सांताक्रूझच्या बाईने तिथे जायलाच हवं. मायकेलअँजेलो आणि गॅलिलिओ तिथे पुरलेले आहेत. दान्तेचंही भव्य स्मारक आहे, पण ते रिकामं, कारण तो राव्हेनाला आहे. ई. एम. फॉर्स्टरच्या ‘अ रूम विथ अ व्ह्यू’ या 1908 च्या कादंबरीत लूसी याच चर्चमध्ये गाइडबुकाविना अडकते. तिचं लाल ‘बेडेकर’ गाइडबुक सोबतची लेखिकाबाई घेऊन निघून गेलेली असते, आणि कोणती समाधी सुंदर म्हणायची हे त्या मुलीला कळेनासं होतं. हा फॉर्स्टर पुढे 1921 मध्ये देवासच्या पवार महाराजांचा खासगी सचिव झाला. मराठ्यांच्या दरबाराचं बेडेकर कुठलं असणार. तिथे तो चांगलाच गोंधळला, आणि त्यावर त्याने चांगलं पुस्तकही लिहिलं. मी मात्र वही उघडून सगळ्या समाध्या क्रमाने पाहिल्या. उफिझी सोमवारी बंद असतं हेही त्याच वहीत होतं, आणि तो सोमवारच होता.

भाच्याला हे सगळं हास्यास्पद वाटतं. त्याच्या फोनमध्ये प्रत्येक गल्लीतल्या पिझ्झाला साडेचार तारे आहेत. साडेचारच सगळ्यांना, मग निवडायचं कसं, यावर तो म्हणतो, ‘आत्या, फोटो बघायचे.’

यंदा वहिनींना इटलीला जायचंय आणि पुस्तक निवडायचं काम माझ्याकडे आलंय. वहिनींचे गुडघे दुखतात. म्हणून मुंबईचं पान बाजूला ठेवून मी या वेळी पायऱ्या शोधतेय. फ्लॉरेन्सच्या कॅथीड्रलच्या घुमटाला 463 पायऱ्या आहेत आणि लिफ्ट नाही. हे ज्या पुस्तकात ठळक छापलंय ते वहिनींचं पुस्तक. मी त्यांना तसं वाचून दाखवलं.

‘तू जा वर,’ त्या म्हणाल्या. ‘मी खाली कॉफी पिते.’

‘वहिनी, तिथे काउंटरला उभं राहून प्यायली तर स्वस्त. टेबलावर बसलात तर जास्त पैसे लागतात.’

‘बसायचे पैसे?’

‘आपल्याकडे उडपी एसीचे घेतो ना, तसेच.’

‘मग एसी तरी असेल ना तिथे? बघ, लिहिलंय का त्यात.’