उधन्यातील ‘अवैध’ नावे

अर्जात भरलेली माहिती विदागारात साठवण्यापूर्वी ती ठरलेल्या नियमांत बसते की नाही हे पाहणे, यालाच व्हॅलिडेशन किंवा वैधतेची तपासणी म्हणतात. आणि 2004 साली प्रथम प्रसृत झालेल्या रूबी ऑन रेल्स या चौकटीत हे नियम मॉडेलमध्ये, म्हणजे त्या माहितीचे स्वरूप ठरवणाऱ्या वर्गात, एकेका ओळीत लिहिता येतात. रकाना रिकामा राहू नये म्हणून प्रेझेन्स, लांबीसाठी लेंग्थ, दुबार नोंद टाळण्यासाठी युनिकनेस आणि मजकुराच्या घडणीसाठी फॉरमॅट हे त्यांतील नेहमीचे पर्याय होत.

जळगावकडून येणारा लोहमार्ग जेथे मिळतो त्या सुरतेच्या उधना भागात खानदेशी कुटुंबांची दाट वस्ती आहे, आणि तेथील कामगारांची नावे एका नोंदणी-अर्जात देवनागरीत भरताना प्रस्तुत लेखकाला या शेवटच्या पर्यायाने जो अनुभव दिला तो अजूनही सलतो. ‘कमल’ हे नाव स्वीकारले गेले, ‘सुनीता’ नाकारले गेले; कारण युनिकोडमध्ये काना, वेलांटी, उकार आणि हलन्त यांची गणना ‘लेटर’ या गटात न होता ‘मार्क’ या वेगळ्या गटात होते, आणि नियम लिहिणाऱ्याने केवळ पहिल्या गटाला मुभा दिली होती. जोडाक्षर किंवा मात्रा असलेले प्रत्येक नाव त्यामुळे अडले. पडद्यावर उमटलेला संदेश ‘नाव अवैध आहे’ असा होता, आणि तो वाचून ‘सुनीता’ हे नाव सांगणाऱ्या बाईंनी आपलेच लिहिणे चुकले असे समजून नाव पुन्हा पुन्हा सांगितले, ही गोष्ट अक्षम्य आहे; शेवटी ते रोमन लिपीत भरले गेले आणि नोंदीतून त्यांची लिपी गेली. लांबीचा नियमही असाच फसवा असतो, कारण वाचकाला एकच अक्षर दिसणारे ‘श्री’ रूबी चार चिन्हांचे मोजते.

यावरून तपासणीच नको असे वाटू लागते, परंतु तेही टिकत नाही. पिनकोड 6 अंकी असतो आणि गुजरातचा जीएसटी क्रमांक 24 ने सुरू होऊन 15 चिन्हांत संपतो, तेथे कडक फॉरमॅट हवाच. युनिकनेस तर एकटा अपुराच पडतो, कारण एकाच क्षणी आलेल्या दोन विनंत्या त्यातून निसटू शकतात आणि विदागारातही युनिक इंडेक्स लावावा लागतो.

नावाच्या रकान्याला मात्र प्रेझेन्स आणि सैल अशी कमाल लांबी पुरेशी आहे. अर्ज खुला करण्यापूर्वी विकासकांनी त्यात ‘ज्ञानेश्वर’ आणि ‘कृष्णा’ ही नावे भरून पाहावीत.