किल्ली खिळ्याला टांगलेली होती

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. कार्यालयात पगारपत्रकाची बेरीज जुळवत बसलो होतो, तोच मोबाईलवर संदेश आला. ई-चलान. गाडीचा नंबर माझ्याच स्कूटरचा, गुन्हा विनाहेल्मेट वाहन चालविण्याचा, वेळ आदल्या दिवशी सकाळी साडेअकराची. त्या वेळी मी तर खुर्चीवर होतो, हजेरीपटावर माझी सही होती.

प्रथम भाच्यावर संशय गेला. तो घरपोच जेवण पोचविण्याचे काम करतो आणि त्याची गाडी बिघडली की माझी नेतो. मी तिथूनच फोन लावला आणि चांगला झापला. बिचारा म्हणाला, "मामा, कालची माझी सुट्टी होती. मी झोपलो होतो."

घरी येऊन चलानाचा फोटो मोठा करून पाहिला. पाठमोरा मुलगा, चौकड्यांचा शर्ट, पुढे पायांशी पिठाचा डबा. तो शर्ट मीच घेतला होता. माझा धाकटा. वय वर्षे सोळा.

वाचकहो, मी वस्तीत लोकांचे अर्ज लिहून देतो, रेशनकार्डापासून लायसन्सपर्यंत. कायदा मला थोडाफार ठाऊक आहे. म्हणूनच घाम फुटला. मोटार वाहन कायदा १९८८ चा, त्यात २०१९ साली मोठी दुरुस्ती झाली. तेव्हा घातलेले कलम १९९-अ सांगते की, अल्पवयीन मुलाने वाहनाचा गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालक दोषी धरला जाईल. तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, बारा महिने गाडीची नोंदणी रद्द, आणि त्या मुलाला वयाची २५ वर्षे होईपर्यंत लायसन्स नाही. सुटायचे असेल तर 'मला माहीत नव्हते' किंवा 'मी पुरेपूर काळजी घेतली होती' हे मालकाने सिद्ध करायचे. सोळाव्या वर्षी शिकाऊ लायसन्स मिळते, पण ते बिनगिअरच्या ५० सीसीपर्यंतच्या गाडीचे. माझी स्कूटर ११० सीसीची.

सौभाग्यवती म्हणाली, "अहो, फोटोत तोंड दिसतंय का? गाडी तुमच्या नावावर आहे, भरून टाका. पोराचं नाव कशाला काढता?"

बहुतेक घरांत हेच होते. कॅमेरा नंबरपाटी टिपतो, चालवणाऱ्याचे नाव त्याला कळत नाही. म्हणून चलान मालकाच्या नावे निघते. चालवत कोण होता असे पोलिसांनी विचारले तर कलम १३३ प्रमाणे मालकाने सांगायचे असते. पण हेल्मेटच्या दंडासाठी विचारायला कोण येतो?

परदेशात हा प्रश्न एका मंत्र्याला तुरुंगात घेऊन गेला. इंग्लंडमध्ये वेगमर्यादा मोडली की दंडाबरोबर लायसन्सवर गुण चढतात, तीन वर्षांत बारा झाले की लायसन्स जाण्याची वेळ येते. ख्रिस ह्यून नावाच्या पुढाऱ्याची गाडी २००३ साली कॅमेऱ्यात सापडली. त्याचे गुण त्याच्या बायकोने, विकी प्राइसने, 'मीच चालवत होते' असे सांगून आपल्या लायसन्सवर घेतले. पुढे तो मंत्री झाला, संसार मोडला, गोष्ट बाहेर आली. मार्च २०१३ मध्ये दोघांनाही आठ-आठ महिन्यांची शिक्षा झाली. गुण होते तीन!

आपल्याकडे उलट टोकही आहे. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या गृहस्थांनी स्कूटर विकली, स्टॅम्पपेपरवर सह्या केल्या आणि निश्चिंत झाले. आरटीओत नाव बदलले नाही. आता कुणीतरी सिग्नल तोडतो आणि संदेश यांना येतो. मी त्यांना सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार हा निकाल समजावून सांगितला. गाडी हातोहात विकली गेली होती, तरी अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणीत ज्याचे नाव होते त्याच्यावरच आली. दंडावर भागले हे नशीबच. ते म्हणाले, "पण साहेब, मी चालवत नव्हतो ना!" तेव्हा मी मोठ्या तोऱ्यात उत्तर दिले होते : "कागदावर कोण आहे ते महत्त्वाचे."

तेच वाक्य त्या रात्री मला आठवत होते.

जेवण झाल्यावर धाकट्याला समोर बसवले. आवाज चढवायचा नाही असे ठरवले होते, पण चढलाच. "गाडीला हात कुणी लावायला सांगितला? उद्या कुणाला ठोकलं असतंस तर?" तो खाली मान घालून बसला. मग हळूच म्हणाला, "बाबा, मागच्या महिन्यात पाहुणे आले तेव्हा मटण आणायला तुम्हीच किल्ली दिली होती. आणि आल्यावर म्हणालात, पोरगा आता कामाचा झाला."

दिली होती. म्हणालोही होतो, चार पाहुण्यांसमोर, हसत हसत.

किल्ली दाराशेजारच्या खिळ्याला टांगलेली असायची. 'मला माहीत नव्हते' हे बोलायला माझ्यापाशी तोंड नव्हते आणि 'काळजी घेतली' म्हणायला तो खिळाच आड येत होता.

दंड मी भरला. चालवणारा कोण हे कुणी विचारले नाही, मीही आपणहून सांगायला गेलो नाही. यात सगळे सरळ झाले असे मी म्हणणार नाही. शेजाऱ्याला मात्र दुसऱ्या रविवारी घरी जाऊन ही हकिगत सांगितली, कारण त्याला ऐकवलेले ते तोऱ्यातले वाक्य मला टोचत होते. तो हसला नाही. उठून आपल्या मुलाच्या खिशातली किल्ली काढून घेतली, मुलगा सतराचा आहे.

आमच्याकडे किल्ली आता माझ्या कार्यालयाच्या पिशवीत असते. दळणाचा डबा धाकटा खांद्यावर घेऊन चालत जातो. गिरणी वीस मिनिटांवर आहे. पावसात पीठ भिजते म्हणून आईची कुरकुर चालू आहे.